हीटर कायमचा बंद करण्याआधी

जुन्या गाड्यांचे प्रश्न, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून उत्तरं

या महिन्यातली बहुतेक पत्रं ओल्या कार्पेटची आहेत. जुलैत ते साहजिकच आहे. पण ओल्या कार्पेटच्या निमित्ताने अनेकांना मेकॅनिकने एकच सल्ला दिलेला दिसतो : हीटर बंद करून टाका, आपल्याकडे तो लागतोच कुठे? हा सल्ला मला मान्य नाही. म्हणून या वेळी एका पत्राला जास्त जागा देते आहे. बाकीच्यांनी राग मानू नये, त्यांच्याही प्रश्नांची उत्तरं खाली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांनी एसटीसीच्या (सरकारी व्यापार महामंडळाच्या) लिलावात घेतलेली मर्सिडीज २४० डी आता माझ्याकडे आहे, १२३ मालिकेतली. इंजिन उत्तम आहे. पण महिनाभर समोरच्या काचेवर आतून धूसर थर बसतोय. पुसला की तेलकट फराटे उमटतात. दार उघडलं की गोडसर वास येतो, डाव्या बाजूचं कार्पेट ओलं लागतं आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट दर आठवड्याला थोडं कमी होतं. आमचा मेकॅनिक म्हणतो, हीटर कॉइल गेली, दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतो, अर्ध्या तासाचं काम. कॉइल बदलायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल आणि ठाण्यात हीटर लागतो कुणाला, असं त्याचं म्हणणं. काय करू? — एक वाचक, पोखरण रोड, ठाणे

उत्तर : तुमच्या मेकॅनिकचं निदान बहुधा बरोबर आहे, उपाय मात्र तात्पुरताच धरा. आधी निदानाची खात्री करून घेऊ, कारण डॅशबोर्ड उतरवल्यावर कळलं की पाणी पावसाचं होतं, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया.

जुन्या गाडीत पायाखाली पाणी येण्याच्या आपल्याकडे तीन वाटा. पहिली पावसाची : काचेचं रबर कडक झालेलं असतं, किंवा वायपरखालच्या खोबणीत पानं साचून निचऱ्याचं भोक तुंबतं. दुसरी एसीची : कूलिंग कॉइलवर धरलेलं पाणी बाहेर नेणारी नळी मातीने बुजली की ते पाणी आत सांडतं. तिसरी हीटरची. पहिल्या दोन्हींचं पाणी स्वच्छ असतं, वाळलं की मागे काही उरत नाही. कूलंट तसं वाळत नाही. पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबून धरा आणि उजेडात बघा. हिरवट किंवा गुलाबी छटा दिसली, बोटाला बुळबुळीत लागलं, गोड वास आला, तर ते कूलंटच. जिभेला लावून बघायचं नाही, ते विष आहे. त्याबद्दल खाली आणखी एका पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. तुमच्या बाबतीत काचेवरचा तेलकट थर हीच मोठी खूण आहे. ब्लोअरची हवा हीटरच्या गळक्या जाळीवरून (तुमचा मेकॅनिक हिलाच हीटर कॉइल म्हणतो) जाते, तिच्याबरोबर कूलंटची वाफ काचेपर्यंत पोचते आणि गार काचेवर बसते. पावसाच्या ओलीने काच धुरकट होते, पण फडक्याला तेलकटपणा लागत नाही.

तरीही प्रेशर टेस्ट करून घ्या. इंजिन पूर्ण गार असताना कूलंट भरायच्या झाकणाच्या जागी हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे लक्ष ठेवायचं. काटा उतरला, बोनेटखाली कुठेही थेंब नाही आणि पायाशी ओल वाढली, तर संशयाला जागा उरत नाही. एक गोष्ट मात्र आधी बघा : फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, आत जाणाऱ्या होज पाइपांच्या क्लिपा आणि गरम पाण्याचा व्हॉल्व्ह. कधी कधी गळती तिथे असते आणि ओघळ पाइपाच्या कडेने आत उतरतो. पाच मिनिटांत क्लिप बदलून सुटणाऱ्या कामासाठी लोकांनी डॅशबोर्ड उतरवलेले मी पाहिले आहेत.

आता मूळ प्रश्न, हीटर लागतो कुणाला.

हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी तिच्यातून फिरतं, ब्लोअर तिच्यावरून हवा सोडतो, हवा गरम होऊन पायाशी आणि काचेवर येते. ऊब हवी म्हणून आपण तो कधीच लावत नाही, हे खरं. पण मुरबाडवरून माळशेज घाट चढताना जुलैतल्या ढगात गाडी शिरते, आत चार माणसं, सगळ्या काचा बंद आणि समोरची काच दोन मिनिटांत पांढरी होते, तेव्हा डॅशबोर्डवरचं दुसरं कुठलंही बटण एवढं उपयोगी पडत नाही. एसी हवेतली ओल काढतो, हीटर काच कोमट ठेवतो, दोन्ही मिळून काच लख्ख होते. नुसता एसी काचेवर सोडला तर काच इतकी गार पडते की बाहेरच्या दमट हवेचं पाणी बाहेरून धरतं आणि ड्रायव्हरला वाटतं आतूनच धुकं वाढतंय. तो एसी आणखी वाढवतो. भर घाटात हा घोळ फार धोक्याचा आहे. तुमच्या वयाच्या गाडीत एसी पूर्ण ताकदीने चालत असेलच असंही नाही.

दुसरा उपयोग उन्हाळ्यातला. मे महिन्यात कसारा घाटात ट्रकांच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना तापमानाचा काटा वर जायला लागला, तर एसी बंद करायचा, सगळ्या काचा उतरवायच्या, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात. इंजिनातली उष्णता बाहेर टाकायला तेवढा एक जास्तीचा रेडिएटर मिळतो. गाडीत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील, वाचू शकतं. त्याने काटा खाली आला नाही तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणं हाच मार्ग, आणि झाकणाला हात लावायचा नाही.

म्हणून माझं सांगणं असं. आज पाइप जोडून घ्या, नाहीतर रोज कूलंट नाकात जाईल आणि कार्पेटखालचा पत्रा सडेल. दोन्ही तोंडं बुचं मारून बंद करू नका. इंजिनाकडून निघालेला पाइप वळवून परतीच्या नळीला जोडा, म्हणजे फिरतं पाणी फिरतंच राहील. काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) बंद असताना पाणी फिरायला हीच वाट धरलेली असते, ती बुजवली तर इंजिन असमान तापतं. आणि मग पावसाळा संपल्यावर, गाडी काही दिवस उभी ठेवता येईल तेव्हा, काम नीट करून घ्या.

काम मोठं आहे, हे मेकॅनिक खोटं सांगत नाही. या मर्सिडीजमध्ये जाळी डॅशबोर्डच्या मागे, हीटरच्या पेटीत बसते, आणि तिथपर्यंत पोचायला डॅशबोर्ड उतरवावाच लागतो. पण हे काम अवघड असण्यापेक्षा चिकाटीचं आहे. घाई करणाऱ्याकडे देऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून सुरुवात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून पिशवीवर जागेचं नाव लिहायचं. मीटरचा संच समोरून ओढून बाहेर येतो, तो मागून ढकलताना स्पीडोमीटरच्या केबलला पीळ पडू देऊ नका. चाळीस वर्षांचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. क्लिप अडली तर जोर लावण्याऐवजी हेअर ड्रायरने थोडी ऊब द्यायची, मग ती सुटते. डॅशबोर्डचा फोम उन्हाने आधीच तडकलेला असेल तर उचलताना दोन माणसं हवीतच.

डॅशबोर्ड बाहेर आला की हीटरच्या झडपा हलवणारे व्हॅक्यूमचे डबे समोर दिसतात. त्यांच्या आतलं रबर या वयाला फाटलेलंच असतं. ते चालतायत असं वाटलं तरी सगळे बदला. पुन्हा तिथे हात पोचायला पुन्हा एवढाच खटाटोप आहे. एसीची कूलिंग कॉइल आणि तिची निचऱ्याची नळीही याच वेळी साफ करून घ्या.

जाळी हातात आली की पहिल्यांदा ती कशाची आहे ते बघा. कोपरा ब्लेडने हलकेच खरवडा. पिवळं किंवा तांबूस निघालं तर पितळ-तांबं, पांढरं निघालं तर अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमची जाळी गळत असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, नवी आणा. पितळेची असेल तर एकदम नवीकडे धावू नका, आणि इथे माझ्या धंद्याचा अनुभव बोलतो. आमचे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर रेडिएटरच्या कामाला लागले, मी त्यांच्या हाताखाली झाळकाम, म्हणजे कथलाने सांधे जोडायचं काम, शिकले. जुनी पितळेची जाळी जाड पत्र्याची असते. तिची गळती कुठे आहे यावर सगळं ठरतं. टाकीच्या सांध्याला किंवा नळीच्या मुळाशी गळत असेल, तिथे हिरवट-पांढरा थर धरलेला असेल, तर ती जाळी छान दुरुस्त होते. जाळीच्या मध्यात, पापुद्र्यांच्या आड एखादी नळी गळत असेल, तर ती एक नळी दोन्ही टोकांना बंद करता येते, ऊब फारशी कमी होत नाही. पण मध्यात दोन-तीन ठिकाणी पाणी झिरपत असेल तर नळ्या सगळीकडेच पातळ झाल्या आहेत असं समजा. आज एक भोक बुजवलं की सहा महिन्यांनी शेजारचं उघडतं. तेव्हा जुन्या टाक्या आणि तोंडाचे पाइप ठेवून मधली जाळी नवी भरून घ्यायची. त्यात एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची, तोंडाच्या पाइपांचा कोन आणि अंतर. पाच मिलिमीटरचा फरक पडला तर पेटीत जाळी बसत नाही, किंवा ताणून बसवलेला सांधा पुन्हा सुटतो. काम सुरू करण्याआधी जुन्या जाळीचा पुठ्ठ्यावर छाप काढून ठेवा.

झाळकाम करणारा माणूस कसा ओळखायचा, असं मला नेहमी विचारतात. तो आधी धुतो. रंग, तेल, जुना कूलंट पूर्ण निघाल्याशिवाय कथील धातूला चिकटत नाही, नुसतं वर बसतं. तो आख्ख्या जाळीवर ज्योत फिरवत नाही. कथील-शिशाचं झाळण १८३ अंशांपासूनच वितळायला लागतं, म्हणजे एका सांध्याला डाग देताना शेजारचा सांधा सुटू शकतो, म्हणून तो शेजारी ओलं फडकं गुंडाळतो. काम झाल्यावर, कथील चिकटावं म्हणून लावलेला फ्लक्स गरम पाण्याने धुऊन काढतो, कारण जस्त विरघळवलेलं ते आम्ल राहिलं तर पितळ खातच राहतं. आणि शेवटी जाळी पाण्याच्या टबात बुडवून, एक बारच्या आसपास दाबाची हवा भरून तुमच्यासमोर दाखवतो. बुडबुडा नाही म्हणजे नाही. यातलं काहीही टाळणाऱ्याकडून जाळी परत घेऊन या. अलीकडच्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे, ते गेले की बदलायचेच. त्यामुळे पितळ झाळणारे हात आमच्या वागळे इस्टेटमध्येही कमी होत चालले आहेत. जो सापडेल त्याला काम देत राहा, म्हणजे तो टिकेल.

जाळी परत बसवताना भोवतीची फोमची पट्टी नवी लावा. जुनी पट्टी हाताला लागताच पिठासारखी भुरभुरते, आणि ती नसली की हवा जाळीला वळसा घालून निघून जाते. मग जाळी नवी असूनही हीटर कोमटच. ओ-रिंगा, होज, क्लिपा सगळं नवं. आणि हे अधोरेखित करून ठेवा : डॅशबोर्ड लावायच्या आधी कूलंट भरा, इंजिन चालू करून पूर्ण तापवा, प्रेशर टेस्ट पुन्हा करा, आणि जाळीखाली कोरडा कागद ठेवून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तरच डॅशबोर्डला हात लावा. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवलं, हीटरचा दांडा पूर्ण गरमवर ठेवला, तर आत अडकलेली हवा निघून जाते. परतीचा पाइप हाताला चांगला गरम लागला की समजायचं, पाणी फिरतंय.

नव्या जाळीचं पुढचं आयुष्य तुमच्या हातात आहे. ठाण्यात हीटरच्या जाळ्या मरतात त्या बहुधा न वापरल्यामुळे. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं बंद, आत तेच पाणी साचलेलं, कूलंटमधला गंजरोधक भाग संपलेला, आणि वरून सोसायटीच्या बोअरिंगच्या पाण्याचे क्षार. आठवड्यातून एकदा, अगदी मे महिन्यातसुद्धा, काचा उघड्या ठेवून पाच मिनिटं हीटर पूर्ण उघडा. पाणी फिरतं राहतं आणि व्हॉल्व्ह अडकत नाही. कूलंट दर दोन वर्षांनी बदला, मिसळायला डिस्टिल्ड वॉटरच वापरा. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट नको असं अनेक जण म्हणतात. आपल्याला तो लागतो गंज थांबवायला. इंजिनाचं बीड (ओतीव लोखंड), जाळीचं पितळ, झाळणाचं कथील असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात, आणि साध्या पाण्यात ते एकमेकांना खातात.

प्रश्न : ताई, माझ्याकडे मॉरिस मायनर आहे, डॅशबोर्डखाली गोल डब्याचा हीटर आहे. रेडिएटरचं झाकण खराब झालं म्हणून दुकानातून नवं आणलं. आठ दिवसांत हीटरमधून पाणी गळायला लागलं. एका जाणत्या ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली, मी टाकली नाही. जुन्या झाकणावर ७ होतं, नव्यावर १.१ आहे. — एक वाचक, नेरूळ

उत्तर : हळद टाकली नाहीत, फार चांगलं केलंत. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य हेच उत्तर आहे.

जुन्या झाकणावरचे ७ म्हणजे चौरस इंचाला ७ पौंड दाब, साधारण अर्धा बार. नव्यावरचे १.१ म्हणजे १.१ बार, जवळजवळ १६ पौंड. दुकानदाराने तोंडाला बसणारं झाकण दिलं, पण तुमच्या गाडीला झेपेल त्याच्या दुपटीहून जास्त दाब तिच्यावर बसवला. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो. ७ पौंडांखाली साधं पाणी साधारण १११ अंशांना उकळतं, एवढ्यासाठीच झाकणात स्प्रिंग असते. पण तो दाब नुसता रेडिएटरला झेलायचा नसतो. होज, वॉटर पंपाचं सील आणि हीटरची जाळी, सगळे तेवढाच दाब झेलतात. जाळीचे सांधे सगळ्यात जुने आणि सगळ्यात नाजूक, म्हणून आधी ते सुटतात.

नवी जाळी शोधण्याआधी ७ पौंडांचं झाकण शोधा. ऑपेरा हाऊसच्या जुन्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा, जुनं झाकण हातात घेऊन जा आणि फक्त आकडा नाही, मानेची खोलीही जुळवून घ्या. स्प्रिंगचा दट्ट्या मानेच्या तळाशी टेकलाच नाही तर झाकणावर काहीही लिहिलेलं असो, दाब धरला जात नाही. तुमचा हीटर डॅशबोर्डखाली उघडाच बसतो, त्यामुळे काढायला सोपा. होज, केबल, ब्लोअरची तार आणि बसवणीचे नट सोडवले की डबा खाली येतो. गुडघ्यावर जुनी चादर पसरून बसा, आत उरलेलं पाणी अंगावर येतंच. गळती दाबाने सुटलेल्या सांध्याची असेल तर झाळून मिळेल, जाळी टाकू नका.

हळदीबद्दल एवढंच. रस्त्यात रेडिएटर फुटला आणि गॅरेजपर्यंत पोचायचं असेल तर जुने ड्रायव्हर ती टाकतात, पूड भोकात जाऊन फुगते आणि थोडा वेळ पाणी धरते. पण तिला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. हीटरच्या नळ्या सगळ्यात बारीक, तिथे ती पहिल्यांदा बसते आणि निघत नाही. गळती थांबवणाऱ्या बाटलीतल्या पावडरींचंही तेच.

प्रश्न : आमची जुनी फियाट पार्किंगमध्ये उभी असते. तिच्याखाली हिरव्या पाण्याचं छोटं थारोळं दिसतं. आमचा कुत्रा काल ते हुंगत होता. यात काही धोका आहे का? — एक वाचक, खारघर

उत्तर : आहे, आणि तो गंभीर आहे. नेहमीच्या कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि लहान मुलं बोट लावतात. थोड्या प्रमाणातही ते मूत्रपिंड निकामी करतं. कुत्र्याने चाटल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्याकडे न्या आणि कूलंट असं स्पष्ट सांगा. सुरुवातीला कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, मग बरा झाल्यासारखा वाटतो, आणि त्याच वेळात आत नुकसान चालू असतं. पहिल्या काही तासांतच उपचाराचा खरा उपयोग होतो.

थारोळ्यावर माती किंवा भुसा टाकून ते भरून काढा, जागा भरपूर पाण्याने धुवा, आणि गळती सापडेपर्यंत गाडीखाली ट्रे ठेवून तो रोज रिकामा करा. काढलेला कूलंट गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं तेल आणि कूलंट घेणाऱ्या गॅरेजला द्या. आपल्या सोसायट्यांमधली भटकी मांजरं रात्री गाडीखालीच झोपतात. त्यांच्यासाठी पशुवैद्याकडे कुणी धावत नाही, म्हणून ही काळजी आपणच घ्यायची.

प्रश्न : ताई, प्रीमियर ११८ एनई घेऊन आम्ही चौघं डिसेंबरात मनालीला जातोय. हीटर लावला की हवा जेमतेम कोमट येते. जाळी बदलावी का? तापमानाचा काटाही अर्ध्याच्या खालीच असतो. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काटा अर्ध्याच्या खाली आहे हे लिहिलंत म्हणून बरं झालं. जाळीला अजून हात लावू नका. आपल्याकडे कुठल्या तरी उन्हाळ्यात कुणी तरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो, ज्याला गॅरेजमध्ये वॉल्व म्हणतात. तो नसला की पाणी सुरुवातीपासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन पुरेसं तापत नाही आणि हीटरला गरम पाणीच मिळत नाही. ठाण्यात हे चालून जातं, इंजिन थोडं जास्त पेट्रोल खातं आणि थोडं लवकर झिजतं एवढंच. मनालीला तुम्ही काकडाल.

थर्मोस्टॅटचं घर उघडून बघा. आत नसेल तर आपल्या इंजिनाला लागणारा घाला. असेल तर काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्याच्यावर ज्या अंशाचा शिक्का आहे, बऱ्याचदा ८२ किंवा त्याच्या आसपास, तिथे तो उघडायला लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. गारच उघडा राहत असेल तर बदला. त्यानंतरही हवा कोमट आली तर जाळीत गाळ आहे. दोन्ही होज काढून परतीच्या बाजूने बागेच्या पाइपचं पाणी कमी जोराने सोडा, स्वच्छ यायला लागेपर्यंत. मोठ्या दाबाचा पंप लावू नका, जुने सांधे सुटतील.

मनालीसाठी आणखी एक. साधं पाणी तिथे रात्री गोठेल आणि गोठताना फुगून इंजिनाचं बीड फोडेल. निघण्याआधी सगळं पाणी काढून निम्मा कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा. अर्ध्या-अर्ध्या प्रमाणाचं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. बाटलीवर तयार मिश्रण लिहिलेलं असेल तर त्यात आणखी पाणी घालू नका. आणि हे निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका, महिनाभर आधी करा. साचलेला गंज ढिला झाला की एखादी झाकलेली गळती वर येते. ती ठाण्यात वर आलेली बरी.

प्रश्न : माझ्या फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागच्या बाजूला आहे. तिच्यात हीटरची जाळी कुठे असते? गॅरेजमध्ये कुणालाच सापडत नाही. — एक वाचक, बेलापूर

उत्तर : नसतेच. हे इंजिन हवेने गार होतं, त्यात पाणीच नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याची पेटी असते, पंख्याची हवा तिच्यातून जाऊन तापते आणि दाराखालच्या उंबऱ्यातल्या पोकळीतून आत येते. तुमची गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी असते, म्हणून त्या पेट्या आणि उंबरे गंजले आहेत का ते आधी बघा. एक्झॉस्टला आत भोक पडलं असेल तर हीटरबरोबर कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो, आणि त्याला वास नसतो. एक्झॉस्ट आणि पेट्या उचलून तपासून होईपर्यंत हीटर लावू नका, आणि गाडी चालवताना डोकं जड वाटलं तर काचा उघडून लगेच थांबा.